जड चापाचं पिस्तूल

ती घटना आजही आठवते, असं निवृत्त पोलीस अधिकारी सरसकट लिहितात आणि मग आपल्या हुशारीचा पाढा सुरू करतात. मीही तशा चार गोष्टी लिहून ठेवल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. ही गोष्ट त्यांतली नाही. हिच्यात तपास माझ्याकडे होता, आरोपी मीच पकडला आणि सव्वादोन महिने मी साफ चुकत होतो. नावं कुणाचीच देत नाही. त्या घरात अजून माणसं राहतात.

तेव्हा मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मूळचा मी पहूरकडचा. नोकरीची बरीच वर्षं जळगावात गेली आणि तिथेच एका शस्त्रविक्रेत्याकडून मी स्वतःच्या परवान्यावर एक परदेशी पिस्तूल घेतलं होतं. सगळा घोळ त्या पिस्तुलाच्या जातीशी बांधलेला आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगतो.

बऱ्याचशा पिस्तुलांत एक गोळी झाडली की काडतुसावर आपटणारा घोडा मागे अडकून राहतो आणि पुढच्या गोळीला चाप हलका लागतो. या पिस्तुलाचं तसं नव्हतं. त्याचा घोडा बाहेर दिसतच नाही, त्यामुळे अंगठ्याने मागे ओढून ठेवण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक गोळीला चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओढायचा. त्या ओढीनेच घोडा मागे जातो आणि सुटतो. चाप लांब आणि चांगलाच जड. वेगळी सेफ्टी दिलेलीच नव्हती, कारण जड चाप हीच त्याची सेफ्टी. चुकून बोट लागलं तर काही होत नाही, गोळी सुटायला माणसाने ठरवून जोर लावावा लागतो. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलं होतं. सुटे भाग मिळत नसत आणि काडतुसं मिळाली तर नशीब.

पहिल्यांदा धुळ्याच्या फायरिंग रेंजवर मी ते चालवलं तेव्हा पाचांतली एक गोळी टार्गेटच्या कागदाला लागली, तीही कोपऱ्यात. चाप ओढता ओढता नळी डावीकडे जायची. आमचा शस्त्रागाराचा हवालदार म्हणाला, "साहेब, हे पिस्तूल आहे का विहिरीचा रहाट?" मी चिडलो आणि हट्टाला पेटलो. रोज सकाळी रिकामं पिस्तूल हातात धरायचं, नळीवर एक नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. वर्षभराने पाचच्या पाच गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत बसायला लागल्या. तेव्हापासून या पिस्तुलाबद्दल मला कुणी काही शिकवावं असं मला वाटत नसे. पुढे काय झालं ते कळायला हे माहीत असलेलं बरं.

त्याच विक्रेत्याकडून, त्याच जातीचं पिस्तूल आणखी एका माणसाने घेतलं होतं. माझ्या हद्दीतल्या एका गावचे नाना. वय सत्तरीच्या पुढे, ताठ पाठ, पांढरी टोपी, बागायती शेती, दोन मुलगे, दोन सुना. गावात शब्दाला मान होता. निवडणूक लागली की परवानाधारकांना आपली शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. नाना कधी मुदत चुकवत नसत. लाल फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल टेबलावर ठेवायचे, चहा घ्यायचे आणि माझ्याशी काडतुसांच्या गप्पा मारायचे.

"साहेब, तुमनं नि मनं, दोन्ही एकच मायना पोरं शेतस," असं ते दर वेळी अहिराणीत म्हणत.

शस्त्र जमा करून घेण्याची आमची एक रीत होती. मालकाने मॅगझिन काढायचं, आत गोळी नाही हे दाखवायचं आणि वाळूच्या बादलीकडे तोंड करून रिकामा चाप एकदा ओढून दाखवायचा. मग पावती. त्या वर्षी उन्हाळ्यात नाना आले तेव्हा त्यांना चाप ओढवेना. उजव्या हाताचं बोट संधिवाताने वाकलं होतं. एकदा ओढला, अर्ध्यात सुटला. दुसऱ्यांदा तेच. शेवटी त्यांनी डाव्या हाताचं बोटही आत घातलं, ओठ आवळले आणि कसाबसा चाप मागे नेला. खोलीत ठाणे अंमलदार होता, दोन शिपाई होते आणि शस्त्र जमा करायला आलेले आणखी तिघे-चौघे होते.

मी म्हणालो, "नाना, पिस्तूल थकलं की तुम्ही?"

सगळे हसले. नानाही हसले. मी पावतीवर सही केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्यानंतर पाच महिन्यांनी दसरा आला.

त्या घरात दसऱ्याची एक रीत होती. सकाळी पुढच्या खोलीत पाट मांडायचा, त्यावर विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली आणि मधोमध पिस्तूल. पिस्तुलाला झेंडूची माळ आणि लाल नाडा. रिकामं शस्त्र पुजायचं नाही अशी नानांची समजूत, म्हणून आत गोळी भरलेली. पूजा झाली की धाकट्या मुलाने नाडा सोडायचा, पिस्तूल नानांच्या हातात द्यायचं आणि संध्याकाळी सीमोल्लंघनाला नानांनी गावाच्या शिवेवर, सगळ्या गावासमोर, हवेत एक गोळी झाडायची. हवेत गोळी झाडणं हा गुन्हा आहे. मला ते माहीत होतं आणि मी कानाडोळा करत होतो. एका म्हाताऱ्याची वर्षातली एक गोळी, जाऊ दे, असं मला वाटायचं.

सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात फोन आला. मी पोचलो तेव्हा थोरल्या मुलाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं आणि तो वाटेतच गेला होता. छातीत एक गोळी. पाटासमोर बसून तो नारळ फोडत होता. पिस्तूल धाकट्याच्या हातात होतं, हे घरातले सगळेच सांगत होते, धाकटाही सांगत होता.

पंचनामा मी स्वतः लिहिला. पिस्तूल, काडतुसाची एक रिकामी पुंगळी, झेंडूची विस्कटलेली माळ, अर्धा फुटलेला नारळ, चापाभोवतीच्या कडीत अडकलेला लाल नाड्याचा तुटका तुकडा. सगळं लिहिलं, सगळ्याचे फोटो काढले, सगळं सीलबंद केलं. तो नाडा मी माझ्या हाताने पाकिटात घातला.

दोन भावांत तीन दिवसांपूर्वी बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून जोराचं भांडण झालं होतं. "तुले दाखाडस आते," असं धाकटा ओरडल्याचं तीन शेजाऱ्यांनी सांगितलं. भांडण खरं होतं, ते घरातलंही कुणी नाकारलं नाही. थोरल्याच्या बायकोची फिर्याद आली. भारतीय दंड संहितेचं कलम तीनशे दोन आणि शस्त्र कायदा लावून मी धाकट्याला त्याच दिवशी अटक केली. भावाच्या चितेला अग्नी द्यायला मी त्याला बंदोबस्तात नेऊ शकलो असतो. गावात तणाव आहे असं कारण लिहून मी ते टाळलं. कारण खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं.

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला. "साहेब, मी बोट लायं नही. नाडानी गाठ सुटे ना. मी नाडा वढा."

"आणि गोळी आपोआप सुटली?"

"व्हय."

हे ऐकून मला जो राग आला तो आजही मला ओळखू येतो. तो खून केल्याचा राग नव्हता. हा माणूस मला, ज्याने वर्षभर नळीवर नाणं ठेवून तो चाप ओढला त्याला, पिस्तुलाबद्दल थापा मारतो आहे, याचा राग होता. मी त्याला म्हणालो, "ते पिस्तूल माझ्याकडेही आहे. नाडा ओढून त्याची गोळी सुटत नाही. मनगट लागतं त्याला. दुसरी गोष्ट सांग."

त्याच्याकडे दुसरी गोष्ट नव्हती. मी अंगाला हात लावला नाही, हे खरं. त्याची गरजही पडली नाही. तेच तेच विचारत राहिलं, झोप नीट मिळू दिली नाही, की माणूस आपल्याच आठवणीवर शंका घेऊ लागतो. पोलीस कोठडीच्या चौथ्या दिवशी तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मनंच बोट लागेल व्हई, साहेब." मी हवालदाराकडे पाहिलं आणि मान हलवली. पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, पण तपास करणाऱ्याच्या मनात ती पक्की घर करून बसते.

पिस्तूल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवताना सोबत एक पत्र जातं. त्यात तपास अधिकाऱ्याने आपले प्रश्न लिहायचे असतात. मी दोन प्रश्न लिहिले. हे पिस्तूल चालू स्थितीत आहे काय? मृताच्या शरीरातली गोळी याच पिस्तुलातून झाडलेली आहे काय? दोन्हीची उत्तरं 'होय' अशी आली. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. चाप ओढायला किती जोर लागतो, हे मी विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं.

धाकट्याची बायको दर सोमवारी ठाण्यात येऊन बाकावर बसायची. अठ्ठावीस-तीस वर्षांची, अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. रडायची नाही, त्यामुळे शिपायांना ती उद्धट वाटे. एका सोमवारी ती सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, तो तुटेल नाडा देखा का तुम्ही?"

"पाहिला. पंचनाम्यात आहे."

"मी तठेच उभी व्हतू. त्यासनी नाडा वढा आन् आवाज व्हयना. बोट तठे नव्हतंच. तुम्ही लिखी लिधं, पन देखं नही."

मी तिला बाहेर जायला सांगितलं. आरोपीची बायको दुसरं काय बोलणार, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर ती जे बोलली तेच माझं काम होतं.

नाना त्या काळात दोनदा भेटले. खाली मान घालून बसायचे. धाकट्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "त्यानी मारं व्हई तं त्याले शिक्षा व्हवाले पाहिजे." बाप असं बोलतो म्हटल्यावर मला आणखी कुणाच्या साक्षीची गरज वाटली नाही.

दोषारोपपत्र नव्वद दिवसांत दाखल करावं लागतं. ते जवळजवळ तयार होतं. तेवढ्यात आमचा एक जुना हवालदार साक्रीच्या आठवडे बाजारातून आला. बाजारात त्याचा एक खबऱ्या होता, सुया-दोरे विकणारा. त्याने सांगितलं होतं, की शेजारी बसणारा शिलाई मशीन आणि कुलपं दुरुस्त करणारा मिस्तरी दसऱ्यापासून बाजारात बसतच नाही. घाबरलाय. कुणाला तरी म्हणाला, शिंदखेड्याकडच्या त्या म्हाताऱ्या बाबाच्या पिस्तुलात मी हात घालायला नको होता.

मी हवालदाराला म्हणालो, "अफवा आहे."

तो म्हणाला, "असेल साहेब. पण साक्रीच्या माणसाला आपल्या बाबाच्या पिस्तुलाचं काय देणंघेणं? विचारून तर घेऊ."

त्याची निवृत्ती दोन महिन्यांवर होती. मला खूश ठेवण्याची गरज त्याला उरली नव्हती. अशी माणसं ठाण्यात असावीत.

मिस्तरी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरीच सापडला. लुकडा, साठीचा, बोटांना तेलाचे डाग. त्याला चौकशी म्हणावं असं काही करावंच लागलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या तो आपणहून बोलू लागला.

"साहेब, मी शिलाई मशीनना माणूस. बंदूक माले काय समजस? तो बाबा उना. बोलना, चाप जड शे, मनं बोट वळत नही, जरासा हलका करी दे. मी 'नही' बोलनू. तो दुसरा बाजारले परत उना. तिसरा बाजारले बी उना."

"मग?"

"मंग मी करी दिन्हा. बाबानी माले शपथ घाली, कोनले सांगू नको."

"किती हलका केलास?"

त्याने माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलला, एका बोटाने दाबला आणि खाली ठेवला. "इतला," तो म्हणाला.

मी मालखान्यातून पंचनाम्याचे फोटो मागवले. चापाच्या कडीतून गेलेला नाडा, एक टोक तुटलेलं. चाप मुळात होता तसा जड असता तर गाठ ओढताना नाडा नुसता तुटला असता. चाप स्टेपलरएवढा हलका असेल तर आधी गोळी सुटणार. जेमतेम पाच मिनिटं मी त्या फोटोकडे बघत होतो. ती पाच मिनिटं मी सव्वादोन महिन्यांपूर्वी काढायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत नानांच्या घरी गेलो. सोबत हवालदार होता. पुढच्या खोलीत नाना एकटेच बसले होते. मी माझं स्वतःचं पिस्तूल काढलं, रिकामं करून दाखवलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"नाना, एकदा चाप ओढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका बोटाने ओढला, अर्ध्यात सुटला. पुन्हा ओढला, पुन्हा सुटला. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी या वेळी घातलं नाही. पिस्तूल मांडीवर ठेवलं.

मी विचारलं, "मग दसऱ्याला शिवेवर कसा ओढणार होता?"

आतून धाकटी सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, आम्हा तिघांकडे पाहिलं आणि तांब्या हातात धरून दारातच उभी राहिली.

"साक्रीना मिस्तरी सापडना ना तुमले," नाना म्हणाले.

"सापडला."

"नाडा मी बांधा व्हता साहेब. तीस वरीस तठेच बांधस, चापना कडीमा. कधी काही व्हयनं नही. चाप हलका करेल शे, हाई त्या दिनले मन्हा ध्यानमाच नही उनं." ते थांबले. "गोळी सुटनी, तवय माले समजनं. तवयच समजनं. पन थोरला मना हातथून गया, आसं कसं म्हनू? मी सोताले सांगं, धाकलानी बोट लायं व्हई. रोज सांगं. मंग ते माले खरंच वाटाले लागनं."

तांब्या दारात आदळला. सून आत निघून गेली. तिचं रडणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी जबाब घ्यायला कागद काढला. चाप हलका करून घेण्याचं कारण विचारलं. जबाबात कारण लागतं.

नाना म्हणाले, "उन्हायामा मी ठाणामा उनतू. तुम्ही इचारं, पिस्तूल थकनं का तुम्ही. तुम्ही हासनात. बठ्ठा हासनात. मी बी हासनू." त्यांनी वाकडं बोट दुसऱ्या हाताने चोळलं. "मंग माले वाटनं, दसराले शिववर चाप वढायना नही तं गावले कसं तोंड दाखाडू? साक्री दूर शे. तठे माले कोनी वळखत नही. दोन बसा बदलीसन गऊ."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी कारण विचारलं होतं, ते त्यांनी सांगितलं, इतकंच.

मी लिहिलं, 'वयोमानानुसार उजव्या हाताच्या बोटात जोर न राहिल्याने मी सदर पिस्तुलाचा चाप हलका करून घेतला.' जबाब वाचून दाखवला. नानांनी ऐकला आणि सही केली. हवालदार खिडकीतून बाहेर पाहत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. निवृत्तीपर्यंत तो त्याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

प्रयोगशाळेला मी दुसरं पत्र लिहिलं. या वेळी तिसरा प्रश्न विचारला. तुलनेसाठी त्याच जातीचं मूळ स्थितीतलं पिस्तूल हवं, असं त्यांनी कळवलं. त्यांच्या संग्रहात ते नव्हतं, बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मी माझं पाठवलं. अहवाल आला की नानांच्या पिस्तुलाचा चाप मूळच्या निम्म्याहूनही हलका आहे आणि कडीतून नेलेला नाडा झटक्याने ओढल्यास गोळी सुटू शकते. त्यांनी नाड्याने प्रयोग करून पाहिला होता. वरिष्ठांपुढे मी कागद ठेवले, शिव्या खाल्ल्या आणि खुनाचा पुरावा नाही असा अहवाल न्यायालयात सादर केला. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा नानांवर लागला. मिस्तरीवर शस्त्र कायद्याखाली वेगळी कारवाई झाली.

धाकटा सुटला त्या दिवशी मी मुद्दाम कारागृहाच्या दारात गेलो होतो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तो वाळला होता. भावाचं दहावं, तेरावं, घरातली दिवाळी, सगळं तो आत असतानाच होऊन गेलं होतं. त्याने मला पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याची बायको त्याच्या मागे उभी होती, तिने केला नाही.

नाना खटला उभा राहण्याआधीच गेले. शेवटची दोन वर्षं बाप-लेक एकाच घरात राहिले. धाकटा त्यांना जेवायला वाढायचा, औषध द्यायचा, पण बोलायचा नाही, असं ऐकलं. माझं पिस्तूल प्रयोगशाळेतून परत आलं तेव्हा मी ते घरी नेलं नाही. परवाना रद्द करण्याचा अर्ज दिला आणि ते ठाण्यातच जमा केलं. जमा करून घेताना नव्या शिपायाने रीतीप्रमाणे रिकामा चाप ओढून दाखवायला सांगितलं. मी वाळूच्या बादलीकडे तोंड करून ओढला. नळी डावीकडे गेली. कुणी हसलं नाही.

या प्रकरणाने काय शिकवलं, हे मी नव्या अधिकाऱ्यांना अनेकदा सांगितलं आहे. प्रयोगशाळेला सगळे प्रश्न विचारा, उत्तर ठाऊक असलेला आधी विचारा. पंचनाम्यात लिहिलेली वस्तू पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा. आरोपीची बायको बोलते म्हणून ते खोटं धरू नका. ते वह्यांत लिहून घेतात आणि ते ठीकच आहे. पण जे खरं शिकलो ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा साक्रीच्या बस स्टँडवर धाकटा भेटला. केस पांढरे झाले होते. आम्ही बाकावर बसलो. त्याने कागदपत्रांच्या नकला वकिलाकडून घेऊन सगळ्या वाचल्या होत्या. आता तो माझ्याशी शहरी मराठीत बोलत होता.

"साहेब, एक विचारू? नानांच्या जबाबात लिहिलंय, वयामुळे चाप हलका करून घेतला."

"हो."

"नाना वयाला लाजणारे नव्हते. दात पडले तेव्हा गावभर हसत दाखवत फिरले. कान गेला तर सांगायचे, जोरात बोला. मग बोटाचंच त्यांना एवढं काय वाटलं? त्यांना कुणी काही बोललं होतं का?"

समोर त्याची बस लागली होती. कंडक्टर हाका मारत होता.

मी म्हणालो, "माहीत नाही."

तो उठला, तसाच वाकून नमस्कार केला आणि बसमध्ये चढला.

त्याने मला चार दिवस खरं सांगितलं होतं आणि मी ते खोटं ठरवलं होतं. त्याने आयुष्यात मला एकच प्रश्न विचारला, त्याचंही मी खोटं उत्तर दिलं. तो हे वाचेल की नाही, मला ठाऊक नाही. वाचलंच तर त्याच्यासाठी, नानांच्या जबाबातलं राहिलेलं वाक्य इथे लिहून ठेवतो. त्यांना एक माणूस बोलला होता. त्या दिवशी ठाण्यात, टेबलाच्या अलीकडे, पावतीवर सही करता करता, मी बोललो होतो.